लहान माणसाची इंग्रजी नावे

आपल्याकडच्या कोणत्याही बाजारपेठेतून एक फेरी मारली, तरी लहान मुलांसाठी आपण किती इंग्रजी शब्द वापरू लागलो आहोत हे ध्यानात येते. कापडाच्या दुकानावर ‘किड्स वेअर’ लिहिलेले असते, औषधाच्या दुकानात ‘बेबी’ पावडर मिळते, डॉक्टरांच्या पाटीवर ‘चाइल्ड स्पेशालिस्ट’ असते आणि शाळेच्या पाटीवर ‘ज्युनिअर केजी’. तेच मूल आईबरोबर बँकेत खाते उघडायला गेले की ‘मायनर’ होते. पोलीस ठाण्यात त्याला पुष्कळ वर्षे ‘ज्युवेनाइल’ म्हणत. कारखान्याच्या नियमांत ते ‘चाइल्ड’ असते नाही तर ‘ॲडोलेसंट’, आणि चहाच्या हॉटेलात कपबशा विसळत असले तर नुसता ‘बॉय’.

मूल एकच आहे. नावे मात्र ठिकाणागणिक बदलतात, आणि नाव बदलले की त्या मुलाशी कोणी कसे वागावे याचा नियमही बदलतो. म्हणून हे शब्द कुठून आले आणि कोणत्या कागदावर त्यांचा काय अर्थ होतो, हे समजून घेणे अगत्याचे आहे. आम्ही इंग्रजी शिकलो ते कायद्याची पुस्तके आणि कोश शेजारी शेजारी ठेवून. त्यामुळे आम्हाला ‘मायनर’ आधी भेटला आणि ‘बेबी’ फार उशिरा. परंतु येथे क्रम उलटा घेऊ, घरापासून सुरुवात करू.

इंग्रजांच्या घरातले शब्द आपल्या घरातल्या शब्दांसारखेच आहेत. मूल काय करते, कसे दिसते, यावरून ते पडले आहेत. ‘टॉडलर’ म्हणजे लुटुलुटु चालणारे. आपण म्हणतो रांगते आहे, अंगावर पिते आहे, बारके आहे. तसलाच हा प्रकार. ‘किड’ हा मूळचा शेळीच्या पिलाचा शब्द, म्हणजे आपले करडू. आपण लेकराला लाडाने कोकरू, वासरू म्हणतो, त्यांनी करडू म्हटले. ‘गर्ल’ची गंमत अशी, की सहासातशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत मुलगा असो वा मुलगी, दोघांनाही हा शब्द चाले. पुढे तो मुलींकडे राहिला.

‘बॉय’ची गोष्ट मात्र गमतीची नाही. जुन्या इंग्रजी लिखाणात हा शब्द प्रथम नोकर, हलक्या दर्जाचा माणूस अशा अर्थाने येतो. मुलगा हा अर्थ नंतरचा. साहेब लोक इकडे आले तेव्हा पांढऱ्या मिशांच्या खानसाम्यालाही ‘बॉय’ म्हणून हाक मारीत, ते त्या जुन्या अर्थाला धरूनच होते. आपल्याकडेही ‘पोऱ्या’ म्हणजे मुलगा आणि ‘पोऱ्या’ म्हणजे हॉटेलातला नोकर. साहेब गेले, शब्द राहिला. आजही कचेरीत पन्नाशीचा गृहस्थ ‘ऑफिसबॉय’ म्हणून निवृत्त होतो आणि कोणाला त्यात वावगे वाटत नाही.

याच घरगुती ‘किड’पासून एक भयंकर शब्द झाला आहे, तो म्हणजे ‘किडनॅप’. सतराव्या शतकात अमेरिकेतल्या वसाहतींना राबायला माणसे हवी होती. इंग्लंडच्या बंदरांतून मुले पळवून तिकडे पाठविण्याचा धंदा चाले, आणि त्या धंद्याला हे नाव पडले. अपहरण म्हटले की आपल्याला खंडणी आठवते. शब्दाच्या पोटात मात्र मजुरांची भरती आहे.

विद्यार्थ्याला ‘प्युपिल’ म्हणतात आणि डोळ्यातल्या काळ्या ठिपक्यालाही ‘प्युपिल’ म्हणतात. हे दोन्ही शब्द लॅटिनमधल्या लहान मुलामुलीच्या शब्दांवरून आले. डोळ्याचा ‘प्युपिल’ तर सरळ ‘छोटी बाहुली’ या अर्थाचा. समोरच्याच्या डोळ्यात आपले चिमुकले प्रतिबिंब दिसते, म्हणून. आपणही त्याला डोळ्यातली बाहुलीच म्हणतो, आणि संस्कृतातल्या ‘कनीनिका’ या शब्दाचा धागाही लहान मुलीच्याच शब्दाशी जोडलेला आहे. इतक्या दूरदूरच्या लोकांना एकच गोष्ट सुचावी याचे आम्हाला नेहमी नवल वाटते. असो.

आता कचेरीतले शब्द पाहू. येथे सूर एकदम बदलतो. ‘इन्फंट’ या शब्दाचा मूळ लॅटिन अर्थ ‘ज्याला बोलता येत नाही तो’. तान्ह्या मुलाला हे नाव शोभते. परंतु इंग्लंडच्या कोर्टात २१ वर्षे पुरी होईपर्यंत प्रत्येक जण ‘इन्फंट’ गणला जाई. १९६९ च्या कायद्याने ही मर्यादा १८ वर आली. म्हणजे वीस वर्षांचा, दाढी राखणारा, बायको असलेला गडीसुद्धा कोर्टाच्या हिशेबी न बोलणारा. त्याला बोलता येत होते. त्याचे बोलणे कोर्ट ऐकत नव्हते, एवढेच. ‘इन्फंट्री’ म्हणजे पायदळ हा शब्दही याच कुळातला आहे. ज्या पोरांना बोलण्याचा अधिकार नाही, त्यांना सर्वांत पुढे चालायला लावायचे, हा जगाचा जुना शिरस्ता दिसतो.

‘मायनर’ म्हणजे लॅटिनमध्ये ‘अधिक लहान’. आपला मराठवाडा निजामाच्या राज्यात होता तेव्हा कचेरीची भाषा उर्दू होती, आणि तिच्यात यासाठी शब्द होता ‘नाबालिग’. बालिग म्हणजे जो पोहोचला तो; नाबालिग म्हणजे अजून न पोहोचलेला. १९४८ च्या सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली, पुढे मराठी कचेरी आली आणि तिने आपल्या कागदांवर शब्द आणला ‘अज्ञान’. इंग्रजीत लहान, उर्दूत न पोहोचलेला, लॅटिनमध्ये न बोलणारा आणि मराठीत ज्याला काही कळत नाही असा! आमच्या मते या चारांत मराठी शब्द सर्वांत अन्यायाचा आहे. पंधरा वर्षांच्या ज्या मुलीने आई ऊसतोडीला गेल्यावर दोन भावंडे आणि एक शेळी सहा महिने सांभाळली, तिला सातबाऱ्यावर अज्ञान म्हणायचे म्हणजे जरा जडच जाते. हल्ली ‘अल्पवयीन’ लिहितात, ते बरे आहे.

परंतु त्याच सातबाऱ्यावर एक चांगली गोष्टही आहे. पुष्कळांनी ‘अ.पा.क.’ ही तीन अक्षरे पाहिली असतील. नवऱ्याच्या मागे जमीन मुलाच्या नावे झाली, की मुलाच्या नावापुढे ‘अ.पा.क.’ आणि त्यापुढे आईचे नाव असते. याचा अर्थ ‘अज्ञान पालन कर्ता’. म्हणजे मूल अज्ञान आहे हे सांगताना त्याची जबाबदारी कोणावर आहे, हेही त्याच ओळीत सांगितले जाते. इंग्रजी ‘मायनर’ एकटा उभा राहतो. मराठी नोंदीत त्याच्या पाठीशी माणूस उभा असतो. मूल १८ वर्षांचे झाले की अर्ज करून ही अक्षरे काढून घ्यावी लागतात, ती आपोआप जात नाहीत. चाळिशीतले शेतकरी सातबाऱ्यावर अजून अज्ञान राहिलेले आम्ही पाहिले आहेत.

अठराचा हा आकडा आपल्याकडे १८७५ च्या सज्ञानतेच्या कायद्याने आला. पण सर्व कायदे त्या आकड्याला बांधलेले नाहीत, आणि घोटाळा येथून सुरू होतो. कामगारांपुरते बोलायचे तर ‘चाइल्ड’ या शब्दाचा आपल्या देशातला इतिहास गिरणीच्या भोंग्यापासून मोजावा लागतो. १८८१ साली पहिला कारखाने कायदा झाला. त्याने सात वर्षांखालच्या मुलाला गिरणीत घेऊ नये असे सांगितले आणि सात ते बारा वर्षांच्या मुलाला दिवसाचे नऊ तास ठरवून दिले. मोठ्यांच्या तासांवर तर बंधनच नव्हते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली परळला गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या आणि निवेदन पुढे केले, तेव्हा आठवड्याची सुटी हीच मोठी मागणी होती. रविवारची ती सुटी १८९० च्या जूनमध्ये मिळाली. १८९१ च्या कायद्याने मुलाचे किमान वय नऊ केले आणि नऊ ते चौदा वयाच्या मुलांना सात तास ठेवले. या मुलांना गिरणीच्या भाषेत ‘हाफ-टाइमर’ म्हणत. नाव अर्धवेळ, परंतु सकाळी एका गिरणीत आणि दुपारी दुसऱ्या नावाने दुसऱ्या गिरणीत असे एकच मूल राबल्याचे प्रकार घडत, आणि ते थांबविण्यासाठी पुढे कायद्यात दुरुस्ती करावी लागली.

१९३४ च्या कायद्यात एक नवा शब्द आला, ‘ॲडोलेसंट’. तोवर गिरणीला दोनच माणसे माहीत होती, मूल आणि प्रौढ. आता मध्ये तिसरे आले. लॅटिनमध्ये ‘वाढणे’ या अर्थाचे एक क्रियापद आहे. जो वाढतो आहे तो ‘ॲडोलेसंट’ आणि जो वाढून झाला तो ‘ॲडल्ट’. एकाच क्रियापदाची ही दोन रूपे, एक चालू काळाचे, एक पुऱ्या झालेल्या काळाचे. आम्हाला हा शब्द कचेरीतल्या सर्व शब्दांत अधिक माणुसकीचा वाटतो, कारण मुलात काय कमी आहे हे तो सांगत नाही. त्याची वाढ चालू आहे एवढे सांगतो. वाढ चालू असलेल्या अंगावर रात्रपाळी लादू नये, हे ओघानेच आले. स्वातंत्र्यानंतरच्या १९४८ च्या कारखाने कायद्याने १४ वर्षांखालील मुलास कारखान्यात मज्जाव केला. त्याने १५ वर्षे पुरी न झालेला तो ‘चाइल्ड’ आणि १५ ते १८ मधला ‘ॲडोलेसंट’ ठरविला, आणि दोघांना मिळून नाव दिले ‘यंग पर्सन’. या ‘यंग’चे आणि आपल्या ‘युवा’चे मूळ एकच आहे, ‘ज्युवेनाइल’देखील त्याच मुळावरचा. ‘टीनएजर’ हा शब्द मात्र कायद्यातला नव्हे. तो इंग्रजी पाढ्यातल्या तेरा ते एकोणीस या आकड्यांच्या शेपटावरून बनला आणि गेल्या शतकाच्या चाळिशीत अमेरिकेत रूढ झाला. हातात खर्चायला पैसा असलेली पोरे तेव्हा दुकानदारांच्या नजरेत भरू लागली होती.

संघटनेच्या दृष्टीने एक गोष्ट येथेच नमूद करतो. १९२६ च्या कामगार संघटना कायद्याने १५ वर्षे पुरी झालेल्या कामगाराला संघटनेचे सभासद होऊ दिले, पदाधिकारी व्हायला मात्र १८ मागितली. ज्या मुलाला स्वतःच्या सहीने जमीन विकता येत नव्हती, त्याला युनियनची वर्गणी भरून पावती घेता येत होती. त्या कायद्याने निदान त्याला बोलता येते एवढे मान्य केले.

आता ‘चाइल्ड’ म्हणजे किती वर्षांचा, असे कोणी विचारले तर उत्तर एकच: कोणत्या कायद्यातला? २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यात सहा ते चौदा. बालमजुरीच्या १९८६ च्या कायद्यात, २०१६ च्या दुरुस्तीनंतर, १४ वर्षांखालील तो ‘चाइल्ड’ आणि १४ ते १८ ‘ॲडोलेसंट’. गुन्ह्यात सापडलेल्या मुलांच्या १९८६ च्या कायद्यात मुलगा सोळापर्यंत व मुलगी अठरापर्यंत ‘ज्युवेनाइल’ असे. २००० साली दोघांनाही अठरा झाले, आणि २०१५ च्या कायद्याने त्या मुलाला ‘ज्युवेनाइल’ऐवजी ‘चाइल्ड’च म्हणायचे ठरविले, कारण पहिला शब्द वर्तमानपत्रांनी शिवीसारखा करून टाकला होता. आणि २००६ च्या बालविवाह प्रतिबंधाच्या कायद्यात १८ वर्षांखालील मुलगी ‘चाइल्ड’ आणि २१ वर्षांखालील मुलगा ‘चाइल्ड’. १९८९ पासून अठराव्या वर्षी मत देता येते. तेव्हा वीस वर्षांचा मतदार आमदार निवडू शकतो, पण मांडवात उभा राहिला की तो बालक ठरतो.

हा शेवटचा आकडा बीड जिल्ह्याला फार जवळचा आहे. ऊसतोडीत मजुरीचे माप माणूस नव्हे, कोयता. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा माणूस अर्धा कोयता. मुकादमाची उचल कोयत्यावर मिळते. जोडी झाली की अर्ध्याचा पूर्ण कोयता होतो, उचल वाढते; शिवाय वयात आलेली मुलगी गावी कोणाच्या भरवशावर ठेवायची हा आईबापांचा घोर असतो. यातून पंधरा-सोळाव्या वर्षी लग्ने उरकली जातात. कायद्याच्या भाषेत ती मुलगी ‘चाइल्ड’ आहे, ‘मायनर’ आहे; मुकादमाच्या वहीत मात्र तिच्यासाठी वयाचा रकानाच नाही. तेथे ती अर्धा कोयता आहे.

आणि जे कोयत्यातही मोजले जात नाही असे लेकरू फडात काय करते? नऊ-दहा वर्षांचे पोरगे वाढे गोळा करते, मोळी बांधायला बंध देते, बैलांना पाणी दाखवते, धाकटे भावंड सांभाळते, कोपीवर राखण बसते. याला इंग्रजी कायद्याचा शब्द आहे ‘हेल्प’, म्हणजे मदत. २०१६ च्या दुरुस्तीने मुलांना कामावर लावण्यास सरसकट बंदी केली, परंतु शाळेच्या वेळेनंतर किंवा सुटीत, धोक्याचे नसलेल्या कामात, घरच्यांना किंवा घरच्या धंद्यात मदत करण्याची सवलत ठेवली. पुष्कळ जण आम्हाला म्हणतात, ‘पोर आईबापाला हातभार लावते, त्यात मजुरी कसली?’ आमचे मत स्पष्ट आहे. ऊसतोड हा आईबापाचा घरचा धंदा नव्हे. ऊस दुसऱ्याचा, कोयता उचलीत अडकलेला, वजन कारखान्याच्या काट्यावर आणि हिशेब मुकादमाच्या वहीत. आणि ‘शाळेच्या वेळेनंतर’ म्हणायचे तर शाळेची वेळ कोणती? दिवाळीच्या सुमारास गाड्या गाव सोडतात आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, परतत नाहीत. शाळेचे अर्धेअधिक वर्ष त्यातच गेले. साखरशाळा निघाल्या, हंगामी वसतिगृहे निघाली, २०२१ साली संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहांची योजना आली. ज्या मुलाला तेथे जागा मिळाली त्याच्यापुरता हा प्रश्न सुटला. जे गाडीत बसून गेले त्याची ‘मदत’ पहाटेपासूनच सुरू होते.

असाच फसवा दुसरा शब्द ‘ॲप्रेंटिस’. त्याचा मूळ अर्थ शिकणारा, आणि १९६१ च्या कायद्याने १४ वर्षे पुरी झालेल्याला शिकाऊ उमेदवार होता येऊ लागले. परंतु त्याच कायद्याने शिकाऊ हा कामगार नव्हे असेही म्हटले. तेव्हा मुलाला कोठे चिकटवताना कागदावर कोणता शब्द आहे, हे सही करण्याआधी वाचावे. ‘वर्कर’ असेल तर हक्क एक, ‘ॲप्रेंटिस’ असेल तर दुसरा, आणि ‘हेल्पर बॉय’ असे काही लिहिले असेल तर बहुधा कोणताच नाही.

हे सर्व आकडे शेवटी एका तारखेवर उभे राहतात, ती म्हणजे जन्मतारीख. आणि आपल्या खेड्यांत जन्मतारीख कोण ठरवीत असे? हेडमास्तर. मूल डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरू शकले की सहा वर्षांचे झाले, आणि तारीख १ जून. ३१ मे रोजी महाराष्ट्रातल्या कचेऱ्यांतून एकाच दिवशी शेकड्यांनी माणसे निवृत्त होतात, ती याच तारखेची कृपा. हसण्यावारी नेण्यासारखी ही गोष्ट नाही. आमच्याकडे तीस वर्षांमागे एक प्रकरण आले होते. एका कारखान्यात दुरुस्तीच्या कामात एक कामगार दगावला. बायको आधीच वारलेली, मागे एकच मुलगा. १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्यात मृताचा ‘मायनर’ मुलगा वारस धरला जाई. १८ पुरी झालेला धडधाकट मुलगा धरला जात नसे. अपघात आषाढातला. शाळेच्या दाखल्यावर १ जून, म्हणजे मुलाला अठरा पुरी होऊन काही आठवडे झालेले. समोरच्या वकिलाने दाखला पुढे केला आणि मुलगा ‘ॲडल्ट’ असल्याचे सांगितले. मुलाची आत्या सांगत होती, की तो महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी झाला, दारात पंगत बसली होती. महालक्ष्म्या भाद्रपदात येतात. आम्ही ग्रामपंचायतीची जन्म-मृत्यूची नोंदवही काढून घेतली. तीत आत्याच्या म्हणण्याप्रमाणे सप्टेंबर महिना निघाला, आणि वडील गेले त्या दिवशी मुलगा सतरा वर्षे दहा महिन्यांचा ठरला. दावा मिळाला. नोंदवहीतले ते पान वाळवीने खाल्ले असते तर मिळाला नसता.

तेव्हा ज्यांच्या घरी लहान मूल आहे त्यांनी ग्रामपंचायतीतला जन्माचा दाखला आजच काढून ठेवावा. १९६९ च्या कायद्याने ही नोंद बंधनकारक केली आहे. ज्यांची मुले फडावर, परजिल्ह्यात जन्मतात त्यांनी तेथल्या ग्रामपंचायतीत किंवा दवाखान्यात नोंद करूनच गाव गाठावे. जन्म जेथे झाला तेथेच नोंद होते, आणि हंगाम संपल्यावर कर्नाटकातल्या एखाद्या गावी केवळ दाखल्यासाठी परत जाणे कोणाला परवडत नाही.

शेवटी एक शब्द राहिला, तो ‘क्रेश’, म्हणजे आपले पाळणाघर. हा फ्रेंच शब्द असून त्याचा मूळ अर्थ गव्हाण. ज्यात जनावरांना वैरण टाकतात ती. येशू ख्रिस्ताला जन्मल्यावर गव्हाणीत निजविले, या कथेवरून तो बाळांच्या जागेला लागला. इंग्रजीतला ‘क्रिब’ म्हणजे पाळणा, त्याचाही जुना अर्थ गव्हाणच. १९४८ च्या कारखाने कायद्याने पन्नासाहून अधिक स्त्रिया कामावर असतील तेथे पाळणाघर सक्तीचे केले, आणि १९७६ च्या दुरुस्तीने तो आकडा तीसवर आणला. या मोजणीत कारखान्याच्या आवारातल्या बायका येत. आवाराबाहेर ऊस तोडणाऱ्या बायका दहा-बारांच्या टोळ्यांनी वेगवेगळ्या फडांत आणि वेगवेगळ्या मुकादमांच्या नावावर पसरलेल्या असतात. कोणत्याच एका हजेरीपटावर त्या तीस होत नाहीत. त्यांची तान्ही लेकरे बांधावरच्या बाभळीला बांधलेल्या झोळीत असतात, आणि बाभूळ नसेल तेथे गाडीखाली, बैलांच्या वैरणीशेजारी.